सनद नसलेल्या वकीलबाई

“हं, इथे सही कर,” म्हणून घरातल्यांनी कागद पुढे केला, की तो वरपासून खालपर्यंत वाचून मगच सही करणाऱ्या आपल्यात कितीजणी? मी तरी नाही बाई! शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बंगाल-बिहारातल्या जमीनदारांच्या विधवांना तर वाचायचीही सोय नव्हती. इस्टेट नावावर, पण स्वतः पडद्यात. परक्या पुरुषाशी बोलायचे नाही, मग वकिलाला भेटणार कशा? दिवाण नाही तर दीर पडद्याआडून कागद सरकवायचा आणि बाई अंगठा उठवायची. आत काय लिहिलेय, ते कोण सांगणार?

या बायकांसाठी धावून गेल्या आपल्या नाशिकात जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी.

जन्म १८६६ चा. घराणे पारशी ख्रिस्ती. आईने पुण्यात शाळा चालवलेल्या. कॉर्नेलियाबाई डेक्कन कॉलेजातून पहिल्या वर्गात पदवीधर झाल्या, पण विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मुलगी म्हणून नाकारली. तिकडच्या हितचिंतकांनी पैसे जमवले, तेव्हा १८८९ साली त्या ऑक्सफर्डला पोचल्या. १८९२ मध्ये तिथली कायद्याची परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. पदवी मात्र हातात पडायला तीस वर्षे लागली!

परत आल्यावर १८९७ मध्ये मुंबईची एलएल. बी., १८९९ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षा. दोन्ही पास. तरी सनद नाही, कारण बाई! अखेर १९०४ साली बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्सने त्यांना नेमले. मग काय, दूरदूरच्या हवेल्यांत एकटीने जायचे, जनानखान्यात बसून कागद समजावून सांगायचे, मुलांच्या शिक्षणाचे बघायचे, सासू-सुनांची भांडणेसुद्धा मिटवायची. वीस वर्षांत सहाशेच्या आसपास बायका-मुलांना त्यांचा आधार झाला.

त्यांची सगळीच मते आपल्याला पटायची नाहीत. इंग्रजी राज्याच्या त्या कट्टर पाठीराख्या, गांधीजींच्या चळवळीच्या विरोधात. पण त्या अंगठा उठवणाऱ्या बाईला याच्याशी काय करायचे होते?

१९२३ साली कायदा बदलला आणि स्त्रियांना वकिलीची मुभा मिळाली. पुढच्याच वर्षी कॉर्नेलियाबाई कलकत्ता हायकोर्टात वकील म्हणून दाखल झाल्या. साठी दोन-तीन वर्षांवर आलेली. तिथेही वाट्याला आले ते बहुतेक कागदावर सल्ला लिहून देण्याचेच काम; उभे राहून बोलायची संधी थोडी. १९२९ मध्ये त्या निवृत्त झाल्या आणि लंडनला जाऊन राहिल्या.