बागेच्या जागी मनोरे : राजधानी क्षेत्रात घराचा परिसर पारखताना

नवी दिल्ली : नोएडाच्या सेक्टर ९३ अ मधील एमराल्ड कोर्ट संकुलातील ‘अ‍ॅपेक्स’ आणि ‘सियान’ हे जोडमनोरे २८ ऑगस्ट २०२२ रोजी दुपारी अडीच वाजता सुमारे ३,७०० किलो स्फोटकांच्या साहाय्याने पाडण्यात आले. ३२ आणि २९ मजली इमारती काही सेकंदांत जमीनदोस्त झाल्याची दृश्ये देशभर पाहिली गेली. वाद मुळात कशावरून उभा राहिला, याची चर्चा मात्र त्या मानाने थोडी झाली. त्या वादाच्या मुळाशी एक बाग होती.

संकुलाचा पहिला आराखडा २००५ मध्ये मंजूर झाला. रहिवाशांनी घरे घेतली तेव्हा त्यांना दाखविण्यात आलेल्या नकाशावर इमारतीलगत हिरवळ आणि उद्यान होते. २००९ च्या सुधारित आराखड्यात त्याच भागात दोन मनोऱ्यांना परवानगी मिळाली आणि २०१२ मध्ये ते ४० मजल्यांपर्यंत नेण्यास मान्यता देण्यात आली. रहिवासी संघटना न्यायालयात गेली. अलाहाबाद उच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये मनोरे पाडण्याचा आदेश दिला आणि सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. धनंजय चंद्रचूड व न्या. एम. आर. शहा यांच्या खंडपीठाने ३१ ऑगस्ट २०२१ रोजी तो कायम केला. नवा मनोरा आणि शेजारची इमारत यांच्यातील अंतर अवघे ९ मीटर होते. किमान अंतराचा नियम मोडला गेला होता आणि आधीच्या सदनिकाधारकांची कायद्याने आवश्यक असलेली संमतीही घेतलेली नव्हती.

रहिवाशांचा विजय झाला, पण त्यासाठी जवळपास दहा वर्षे लागली. विजय शक्य झाला तो नियम आणि मंजूर कागद त्यांच्या बाजूने होते म्हणून. विक्री प्रतिनिधीच्या तोंडच्या बागेसाठी कोणतेही न्यायालय मनोरे पाडणार नाही. राजधानी क्षेत्रात घर घेणाऱ्याने परिसरातील प्रत्येक सुविधेला म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा : ती आज जागेवर आहे, मंजूर आराखड्यात आहे, की केवळ जाहिरातीत आहे? या तिन्हींना एकच किंमत मोजली जाते, हेच येथील बाजाराचे दुखणे आहे.

रस्ते आणि मेट्रो यांच्या बाबतीत हे दुखणे सर्वांत ठळकपणे जाणवते. द्वारका द्रुतगती मार्गाची आखणी या शतकाच्या पहिल्याच दशकात झाली आणि त्याच्या नावावर गुरुग्रामच्या नव्या सेक्टरांत घरे विकली जाऊ लागली. प्रत्यक्षात या मार्गाच्या हरियाणातील भागाचे उद्घाटन ११ मार्च २०२४ रोजी, तर दिल्लीतील भागाचे १७ ऑगस्ट २०२५ रोजी झाले. ज्यांनी सुरुवातीला पैसे गुंतविले, त्यांची शाळेत जाणारी मुले या काळात महाविद्यालयात पोहोचली. नोएडा एक्स्टेंशन या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ग्रेटर नोएडा वेस्टची कथा आणखी बोलकी आहे. येथे हजारो कुटुंबे राहायला येऊन वर्षे लोटली, तरी मेट्रो पोहोचलेली नाही. नोएडा ते ग्रेटर नोएडा ही २९.७ किलोमीटरची अ‍ॅक्वा मार्गिका जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाली, पण ती या वस्तीला वळसा घालून जाते. शिवाय तिचे सेक्टर ५१ स्थानक आणि दिल्ली मेट्रोच्या निळ्या मार्गिकेचे सेक्टर ५२ स्थानक ही दोन वेगळ्या महामंडळांची वेगळी स्थानके आहेत. एका गाडीतून दुसऱ्या गाडीत जाण्यासाठी चालत जावे लागते. जाहिरातीतील नकाशावर मात्र दोन्ही रेषा एकमेकींना सहज भेटताना दिसतात.

अंतर किलोमीटरमध्ये मोजणे येथे फसवे ठरते. कामाच्या दिवशी सकाळी नऊ आणि सायंकाळी सात या वेळांत घर ते कार्यालय आणि घर ते रुग्णालय असा प्रवास स्वतः करून पाहावा. रविवारी दुपारी विकासकाच्या गाडीतून केलेली पाहणी ही सहल असते, पाहणी नव्हे.

शाळेच्या संदर्भात पत्त्याला वेगळेच वजन येते. दिल्लीतील खासगी शाळा नर्सरी प्रवेशासाठी गुणपद्धती वापरतात आणि तीत घरापासूनचे अंतर हा बहुतेक ठिकाणी सर्वाधिक गुणांचा निकष असतो. त्यामुळे पूर्व दिल्लीतील एखादी शाळा नोएडातील घरापासून जवळ असली, तरी राज्याच्या सीमेपलीकडचा पत्ता तिच्या निकषांत कसा मोजला जातो, हे घराचा व्यवहार करण्यापूर्वीच विचारून घ्यावे. पुढे बारावीनंतर हेच गणित उलटे होते. दिल्ली तंत्रज्ञान विद्यापीठ किंवा गुरु गोविंद सिंग इंद्रप्रस्थ विद्यापीठ यांसारख्या संस्थांत दिल्लीकरांसाठी राखीव असलेल्या ८५ टक्के जागांची पात्रता सामान्यतः विद्यार्थी दिल्लीतील शाळेतून उत्तीर्ण झाला की नाही, यावर ठरते. घर कोठे आहे यापेक्षा तेथे शाळा कोठली, हा मुद्दा निर्णायक होतो. बदलीवर येणाऱ्या मराठी कुटुंबांना पहाडगंजच्या नूतन मराठी विद्यालयाचे नाव ऐकून माहीत असते, परंतु ग्रेटर नोएडात घर घेऊन तेथवर मुलांना रोज पाठविणे कितपत शक्य आहे, याचा विचार अनेकदा सामान उतरविल्यानंतर होतो.

सुविधांच्या यादीत गैरसोयींना स्थान नसते, ती यादी खरेदीदाराने स्वतः करावयाची असते. पूर्व दिल्लीतील गाझीपूरचा कचरा डेपो १९८४ पासून वापरात आहे. २०१९ मध्ये त्याची उंची ६५ मीटरपर्यंत गेली होती, म्हणजे कुतुबमिनारहून थोडीच कमी. १ सप्टेंबर २०१७ रोजी त्याचा एक भाग कोसळून दोघांचा मृत्यू झाला आणि उन्हाळ्यात तेथे आगी लागतात. कौशांबी, वैशाली या भागांत मेट्रो आहे, बाजार आहेत, दिल्ली हाकेच्या अंतरावर आहे, मात्र वारा कोणत्या दिशेने वाहतो हे तेथे राहणाऱ्यालाच कळते. म्हणून घर एकदा उन्हाळ्याच्या संध्याकाळी आणि एकदा नोव्हेंबरच्या पहाटे पाहावे.

पाण्याचेही तसेच. १३ जुलै २०२३ रोजी यमुनेची पातळी दिल्लीत २०८.६६ मीटरवर गेली आणि १९७८ चा २०७.४९ मीटरचा विक्रम मोडला. त्याच महिन्यात हिंडन नदीचे पाणी नोएडातील सखल वस्त्यांत शिरले. गुरुग्रामला नदी नाही, तरी २८ जुलै २०१६ च्या पावसात हिरो होंडा चौकात वाहने रात्रभर अडकून पडली, कारण जुने ओढे आणि नाले बांधकामांखाली गेले होते. दिल्लीच्या बृहत् आराखड्यात यमुनाकाठचा पट्टा ‘ओ’ विभाग म्हणून दाखविलेला आहे. तेथील स्वस्त भूखंड नदीच्या हक्काच्या जागेवर असतो. आणि पावसात तुंबणाऱ्या याच शहरांत उन्हाळ्यात टँकर फिरतात, तेव्हा संकुलातील जुन्या रहिवाशाला टँकरचा मासिक खर्च विचारण्यात संकोच नको.

जमिनीचा कायदेशीर दर्जा हा डोळ्यांना न दिसणारा, पण सर्वांत महाग पडणारा भाग आहे. शाहबेरी हे गाव नोएडा एक्स्टेंशनच्या मध्यावर आहे. तेथील भूसंपादन सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०११ मध्ये रद्द केले आणि पुढे त्या जमिनीवर विनापरवाना इमारती उभ्या राहिल्या. रस्ता तोच, बाजार तोच, पत्ता जवळपास तोच, आणि भाव कमी. १७ जुलै २०१८ च्या रात्री तेथील दोन इमारती कोसळून नऊ जणांचा मृत्यू झाला. अधिकृत परवानगी असूनही धोका संपत नाही. द्वारका द्रुतगती मार्गालगत गुरुग्रामच्या सेक्टर १०९ मधील चिंटल्स पॅराडिसो संकुलात १० फेब्रुवारी २०२२ रोजी एका इमारतीतील अनेक मजल्यांचे छत कोसळून दोन महिलांचा मृत्यू झाला. नंतर दिल्लीच्या आयआयटीने केलेल्या तपासणीत काँक्रीटमध्ये क्लोराइडचे प्रमाण जास्त आढळले.

एकाच बाजारपेठेत तीन राज्यांचे कायदे चालतात, हे महाराष्ट्रातून येणाऱ्यांना नवखे वाटते. महारेरासारखी एकच संस्था येथे नाही. दिल्ली आणि उत्तर प्रदेशची प्राधिकरणे वेगळी, तर हरियाणात गुरुग्राम आणि पंचकुला अशी दोन. मुद्रांक शुल्कही सीमेगणिक बदलते. दिल्लीत पुरुषांना सहा आणि महिलांना चार टक्के, हरियाणाच्या शहरी भागात अनुक्रमे सात आणि पाच टक्के. नोएडात जमीन साधारणतः ९० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर असते आणि दस्तनोंदणी प्राधिकरण, विकासक व खरेदीदार यांच्यात त्रिपक्षीय असते. विकासकाने प्राधिकरणाची थकबाकी भरली नाही, तर घरात राहणाऱ्याच्या नावावर नोंदणी होत नाही. अशी हजारो घरे आहेत. आम्रपाली समूहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला २३ जुलै २०१९ रोजी समूहाची नोंदणी रद्द करून अपुऱ्या घरांचे काम एनबीसीसीकडे सोपवावे लागले, यावरून या गुंत्याची खोली कळते.

२०१६ च्या स्थावर संपदा अधिनियमाने खरेदीदाराच्या हाती काही साधने दिली आहेत. मंजूर आराखडा मिळविणे हा त्याचा हक्क आहे. दोनतृतीयांश सदनिकाधारकांच्या लेखी संमतीशिवाय सामायिक जागांच्या आराखड्यात बदल करता येत नाही. एमराल्ड कोर्टच्या बागेला त्या वेळी हे कवच नव्हते. करार नोंदविण्यापूर्वी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही आणि जाहिरातीतील खोट्या विधानामुळे नुकसान झाल्यास भरपाई मागता येते. संकुलाबाहेरची मेट्रो, रस्ता किंवा विमानतळ मात्र या कायद्याच्या कक्षेत येत नाही. जेवर विमानतळाची पायाभरणी नोव्हेंबर २०२१ मध्ये झाली आणि सप्टेंबर २०२४ ची मुदत टळली, तेव्हा त्याच्या भरवशावर भूखंड घेणाऱ्यांना कोणाकडेही दाद मागता आली नाही.

बांधकाम चालू असलेल्या घरावर पाच टक्के वस्तू व सेवा कर लागतो, परवडणाऱ्या घरांसाठी एक टक्का. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या घरावर तो लागत नाही. तयार घराचा दर चढा वाटतो तेव्हा हा कर, दोन-तीन वर्षांचे भाडे आणि हिवाळ्यात प्रदूषणामुळे होणाऱ्या बांधकामबंदीचा विलंब यांची बेरीज कागदावर करून पाहावी. त्या घराच्या खिडकीतून समोर दिसणारा मोकळा भूखंड आराखड्यात कशासाठी राखीव आहे, हे प्राधिकरणाच्या कार्यालयात एका अर्जाने कळू शकते.