धूरच ओढतो भाता!

शेलूच्या पुढचं स्टेशन नेरळ. तिथून माथेरानचा घाट चढणाऱ्या डिझेल जीपजवळ कधी कान देऊन उभे राहिलात? घरघरीच्या आत एक बारीक शीळ ऐकू येते, सुईऽऽऽ! ती शीळ टर्बोची, म्हणजे इंजिनाच्या भात्याची.

लोहाराचा भाता आठवा. हवा फुंकली की निखारे फुलतात. इंजिनातल्या डिझेललाही जळायला हवा लागते. साधं इंजिन पिस्टनच्या ओढीने येईल तेवढीच हवा घेतं. अल्फ्रेड ब्यूखी नावाच्या स्विस इंजिनियरला वाटलं, वाया जाणाऱ्या धुराकडूनच भाता ओढून घेतला तर? १९०५ साली त्याने त्या कल्पनेचं पेटंट घेतलं.

गॅरेजमध्ये मी उघडलेला टर्बो हातात घेतला होता. नारळाएवढा, गोगलगाईच्या शंखासारखी दोन कवचं. आत एकाच दांड्यावर दोन इवलीशी चाकं. गरम धूर एक चाक फिरवतो, दुसरं आपोआप फिरतं आणि बाहेरची हवा इंजिनात कोंबतं. मिनिटाला लाखाहून जास्त फेरे! तुमच्या घरातला पंखा तीन-साडेतीनशे फेऱ्यांतच गरगरतो.

आता समजा, शेलूच्या चिखलवाटांसाठी जुन्या जीपला टर्बो बसवायचाय. मोठ्ठा आणावा? मुळीच नको! मोठं चाक जड, ते वेग घेईपर्यंत जीप चढावर धापा टाकते. दगडधोंड्यांतून हळूहळू चढायचं, तर लहान टर्बोच बरा, तो लवकर जागा होतो.

हवा वाढली की डिझेलही मापात वाढवावं लागतं. त्यासाठी मेस्त्री डिझेलचा पंप सेट करतो. डिझेल जास्त झालं तर काळा धूर भकाभका येतो. हवेचा दाब फार चढला तर एक झडप उघडते आणि थोडा धूर चाकाला वळसा घालून निघून जातो. शिवाय दाबलेली हवा तापते. सायकलला हवा भरताना पंपाच्या तळाला हात लावून बघा! म्हणून तिला गार करायला इंटरकूलर लावतात.

तो दांडा तेलाच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. घाट चढल्यावर इंजिन लगेच बंद केलं, तर तेलाचा पुरवठा थांबतो आणि तापलेल्या दांड्यावर उरलेलं तेल करपतं. तेव्हा घाट चढून दस्तुरी नाक्यावर पोचलात की जीप चालवणाऱ्या काकांना सांगा, "मिनिटभर इंजिन चालू राहू द्या, मग चावी काढा."