दर्भ, कळलावी आणि गव्हाची ओंबी

गव्हाचं फूल कुणी मुद्दाम पाहायला जात नाही. पाहायचं असेल तर निफाडकडं जानेवारीत, गहू निसवत असताना, पैदासकाराच्या वाफ्यात जाऊन बसावं. तिथं काम करणाऱ्या बायका सरीत उकिडव्या बसलेल्या असतात. हातात टोकदार चिमटा आणि नखाएवढ्या पात्यांची कात्री.

ओंबी पोटरीतून जेमतेम बाहेर आलेली लागते. आधी कुसळं छाटायची. टोकाची आणि बुडाची अशक्त फुलं काढून टाकायची, मधल्या झुपक्यांतली आतली फुलं उपटायची आणि कडेची दोन-दोनच ठेवायची. मग त्यांच्या तुसांचा वरचा तिसरा हिस्सा कातरायचा. आत तीन हिरवे परागकोश दिसतात. ते तिन्ही उचलायचे, आणि शेजारच्या पिसासारख्या कुक्षीला धक्काही लागू द्यायचा नाही. परागकोश पिवळा पडलेला दिसला की ती ओंबी बाद. गहू फूल उघडायच्या आतच स्वतःचं लग्न उरकून घेतो. "दोन काढले न् एक राह्यला, तर सगळी मेहनत पाण्यात," माझ्या शेजारच्या ताई मान वर न करता म्हणाल्या. ओंबीवर बटर पेपरची पिशवी चढवून त्यांनी लेबलावर तारीख घातली आणि पुढची ओंबी धरली. दोन-चार दिवसांनी, कुक्षी फुलारली की, सकाळच्या उन्हात नर वाणाची ओंबी आणून पिशवीतच फिरवायची. पराग भुरभुरतो आणि संकर होतो. हाती येतात थोडेसे दाणे, तेही सुरकुतलेले.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या निफाड केंद्रानं दिलेल्या वाणांची नावं नाशिककराला घरचीच वाटतील : त्र्यंबक, तपोवन, गोदावरी, पंचवटी. पण ही भावंडं सारखी नाहीत. त्र्यंबक आणि तपोवन चपातीचे गहू, त्यांच्या पेशीत ४२ गुणसूत्रं. गोदावरी आणि पंचवटी बन्सी, म्हणजे रव्याचे आणि शेवयांचे, त्यांच्यात २८. हा फरक फार जुना आहे. आठ-दहा हजार वर्षांपूर्वी कॅस्पियन समुद्राच्या बाजूला २८ गुणसूत्रांच्या गव्हावर एका रानगवताचा पराग पडला. गवताची गुणसूत्रं १४. दोघांकडून निम्मी-निम्मी आली आणि २१ गुणसूत्रांचं रोप झालं. असं रोप वांझ असतं, कारण बीजपेशी होताना गुणसूत्रांना जोडीदार लागतो आणि इथं प्रत्येक जण एकटा. कुठंतरी पेशीविभाजन चुकलं, २१ची ४२ झाली, प्रत्येकाला स्वतःचीच प्रत जोडीला मिळाली आणि दाणा भरला. आपली पोळी या चुकीवर उभी आहे.

त्र्यंबकेश्वरच्या डोंगरउतारावरची नागलीही त्याच वाटेनं आली आहे. तिच्यात ३६ गुणसूत्रं. त्यांतली निम्मी ज्या गवतघराण्याकडून आली, ती रान नागली आजही नागलीच्या शेतात तण म्हणून उगवते, तिच्यात १८. रोपं लहान असताना दोघींतला फरक ओळखायला सरावलेली नजरच लागते. दुसऱ्या पालकाचा माग शास्त्रज्ञांना अजून लागलेला नाही.

ही चूक मुद्दाम घडवायचं औषध १९३७ साली हाती आलं. अमेरिकेतल्या ब्लेकस्ली आणि एव्हरी यांनी कोल्चिसिन वापरून गुणसूत्रं दुप्पट करून दाखवली. विभाजनाच्या वेळी गुणसूत्रांना दोन टोकांकडं ओढणारे धागे हे द्रव्य तयारच होऊ देत नाही. गुणसूत्रं दुप्पट होतात, पेशी मात्र एकच राहते. युरोपात ते कोल्चिकम या वनस्पतीच्या कंदातून काढत. आपल्याकडं त्याचा मोठा साठा कळलावीत आहे. पावसाळ्यात सह्याद्रीच्या झुडपांतून पानाच्या टोकानं आधार धरत चढणारी, पिवळ्यातून लाल होत जाणारी ती फुलं बहुतेकांनी पाहिलेली असतात. तिचा कंद जहाल विषारी आहे, हे आदिवासी पाड्यांवर पोरासोरांना ठाऊक असतं. शहरातून येणाऱ्या हौशी लोकांना सांगावं लागतं.

निफाडच्या वाफ्यात जो संकर होतो, त्यातून वाण स्थिर व्हायला सहा-सात पिढ्या निवड करत बसावं लागतं. आखूड वाट अशी : गव्हाच्या ओंबीवर गव्हाचा नव्हे, मक्याचा पराग टाकायचा. बीज धरतं, पण मक्याची गुणसूत्रं काही दिवसांत गळून पडतात आणि उरतो २१ गुणसूत्रांचा अर्धा गहू. दाणा वाळून जाऊ नये म्हणून २,४-डी द्यायचं. होय, तेच तणनाशक, अगदी थोड्या मात्रेत. अडीच-तीन आठवड्यांत गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवायचा आणि रोपाची मुळं काही तास कोल्चिसिनमध्ये बुडवायची. काही रोपं मरतात. जी जगतात, दुप्पट होतात, ती एका फटक्यात शुद्ध वाण. हिमाचलातल्या पालमपूरच्या कृषी विद्यापीठानं मक्याऐवजी इम्पेराटा हे रानगवत वापरून हेच काम अधिक सोपं केलं. देशात काही ठिकाणी धार्मिक विधींत दर्भ म्हणून हेच गवत घेतात. त्र्यंबकेश्वरच्या कुशावर्त तीर्थावर बोटात दर्भाचं पवित्रक घालून बसणाऱ्याला हे सांगितलं, तर तो आपल्याकडं नक्कीच विचित्र नजरेनं पाहील.

मला मात्र या सगळ्यात प्रयोगशाळेपेक्षा वाफ्यातला चिमटाच मोठा वाटतो. दुप्पट करणं हे तंत्र आहे. काय दुप्पट करायचं, हे आधी केलेल्या संकरावर ठरतं, आणि संकराला आईबाप लागतात. नागली-वरईचे असे आईबाप त्र्यंबकेश्वर तालुक्यातल्या कणग्यांमध्ये आहेत. आजीनं राखलेली नागली, वरई असेल, तर नवं बियाणं आणलं म्हणून ते सगळं दळणाला घालू नका. मूठभर वेगळं ठेवा, दरवर्षी थोडं पेरा. २००१च्या वाण संरक्षण कायद्यानं शेतकऱ्याला आपल्या पारंपरिक वाणाची स्वतःच्या नावानं नोंदणी करता येते. जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात जाऊन विचारा.