जांभ्या जमिनीतील भात आणि चारसूत्री पद्धत

कोकणात पाऊस उदंड पडतो. परंतु त्या पावसामुळेच तेथील जमीन निःसत्त्व होत आलेली आहे. जांभ्या खडकापासून बनलेल्या तांबड्या मातीतील चुना व पालाश पाण्याबरोबर झिरपून जातात, माती आम्लधर्मी होते आणि घातलेले स्फुरदही लोहाशी बद्ध होऊन पिकास दुर्मिळ होते. त्यातून बहुतेकांची खाचरे गुंठ्यांतच मोजावयाची!

या उणिवेवर पूर्वजांनी राब भाजण्याचा उपाय योजिला. त्याने तण मरते, राख मिळते व रोपे सहज उपटतात, हे खरेच आहे. तथापि त्यापायी डोंगरावरील झाडांच्या फांद्या दरवर्षी तोडल्या जातात आणि उघड्या पडलेल्या उतारावरील माती वाहून जाते. घरची सुपीकता वाढविण्यासाठी डोंगराची सुपीकता जाळावी, असा हा व्यवहार आहे.

कृषिशास्त्रज्ञ डॉ. नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातशेतीत यास पर्याय सापडतो. पहिले सूत्र भाताच्या अवशेषांचा फेरवापर. गादीवाफ्यात दर चौरस मीटरला अर्धा ते एक किलो तुसाची काळी राख मिसळावी. तीतील सिलिकामुळे रोपे कणखर होतात. पेंढ्याचा काही भाग शेतातच गाडावा.

दुसरे सूत्र गिरिपुष्पाचे. हे झाड बांधावर छाट कलमानेही लागते. चिखलणीपूर्वी आठवडाभर गुंठ्यास सुमारे ३० किलो पाला पडेल अशा बेताने फांद्या खाचरात पसराव्यात. पाने गळून पडली की काटक्या सरपणास उचलून न्याव्यात. डोंगर चढण्याची गरज राहत नाही.

तिसऱ्या व चौथ्या सूत्रांची सांगड आहे. खुणा केलेल्या दोरीवर आलटून पालटून १५ व २५ सेंटिमीटर अंतराने लावणी करावी. त्यायोगे चार चुडांचे लहान चौकोन तयार होतात. प्रत्येक चौकोनाच्या मध्यभागी युरिया-डीएपीची २.७ ग्रॅमची एक गोळी लावणीच्याच दिवशी ७ ते १० सेंटिमीटर खोल खोचावी. फोकून दिलेला युरिया बांध ओलांडून शेजाऱ्याच्या खाचरात जातो. खोचलेली गोळी मुळांपाशी राहते.

यात कष्ट अधिक आहेत, हे लपविण्यात अर्थ नाही. एका गुंठ्यास सहाशेहून अधिक गोळ्या वाकून खोचाव्या लागतात. म्हणून प्रारंभ एखाद्या खाचरापासून करावा आणि दोरी धरण्यास शेजाऱ्यास बोलवावे.