सागाच्या गाभ्यावर तेल का सुकत नाही?

सागवानी लाकडावर चढवलेले जवसाच्या तेलाचे पॉलिश आठवडा उलटला तरी बोटाला चिकटते, ही घरोघरची तक्रार आहे आणि तिचा दोष बहुधा तेलाला किंवा पावसाळी हवेला दिला जातो. तिचे मूळ मात्र पुष्कळदा झाडाच्याच रसायनात असते. गडचिरोली जिल्ह्याच्या अहेरी तालुक्यातील आलापल्लीचा साग या बाबतीत अभ्यासण्याजोगा आहे. १९८२ मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यातील आणि शेजारच्या चंद्रपुरातील सागवानाला देशभर मान आहे. मार्च २०२३ मध्ये अयोध्येच्या राम मंदिराच्या कामासाठी बल्लारपूरहून सागवान रवाना झाले, ते या लौकिकामुळेच. आलापल्लीजवळच्या जुन्या, नैसर्गिक वनाच्या एका छोट्या पट्ट्याला २०१४ मध्ये जैवविविधता वारसा स्थळाचा दर्जा मिळाला असून तेथे सागाचे पुराणवृक्ष उभे आहेत.

सागाच्या खोडातील बाहेरचा फिकट थर, म्हणजे रसकाष्ठ, पाणी वाहून नेण्याचे काम करतो आणि कालांतराने त्यातील पेशी मरून आतील तपकिरी गाभ्यात सामील होतात. पेशी मरताना त्यांच्यात टेक्टोक्विनोन, लॅपाचोल यांसारखी द्रव्ये आणि थोडे नैसर्गिक रबर साठते. वाळवी सागाच्या गाभ्याला सहसा का लागत नाही, गाभ्याचा स्पर्श काहीसा तेलकट का असतो आणि त्याला विशिष्ट वास का येतो, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे या साठ्यात आहेत. याच लाकडात सिलिका, म्हणजे वाळूचे मूळ द्रव्य, असल्यामुळे रंध्याचे पाते लवकर बोथट होते. सागाच्या भुशाने काहींच्या त्वचेला खाज सुटून पुरळ येते, म्हणून घासकामात तोंडाला मास्क आणि अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे असणे आवश्यक ठरते.

जवसाचे तेल पाण्यासारखे उडून जाऊन सुकत नाही. त्यातील मेदाम्लांचा निम्म्याच्या आसपास भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा असतो. या आम्लाच्या रेणूतील तीन दुहेरी बंधांशेजारी हवेतील प्राणवायू जोडला जातो, त्यातून अतिक्रियाशील असे मुक्त मूलक निर्माण होतात आणि एका रेणूने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला धरत अखेर घट्ट जाळे विणले जाते. तेल सुकताना त्याचे वजन काही काळ वाढते, हे वाचून नवल वाटेल, पण प्राणवायू सामावला गेल्याचा तो पुरावा आहे. सागाच्या गाभ्यातील क्विनोन व फिनॉल वर्गातील द्रव्ये नेमकी ही मूलकांची साखळी तोडतात, आणि झाडाला शतकभर जपणारे रसायन घरातल्या पॉलिशच्या आड येते.

सगळ्याच लाकडांत तेलाला असा अडथळा येत नाही; अक्रोड याचे उदाहरण आहे. बंदुकीच्या दस्त्यासाठी जगभर अक्रोडाला पसंती मिळाली, तिचे मुख्य कारण म्हणजे ते लाकूड दणका सोसते, फार जड नसते आणि कोरताना त्याच्या कडा तुटत नाहीत. शिवाय ते जवसाचे तेल विनातक्रार पिते. ब्रिटिश फौजेच्या ली-एनफिल्ड रायफलींचे अक्रोडी दस्ते याच तेलाने जोपासले जात. वार्निशचा पापुद्रा ओरखडा पडताच ठिसूळ काचेप्रमाणे उडतो, तर लाकडात मुरलेल्या तेलावर तेवढ्याच जागी पुन्हा तेल चोळता येते, आणि रानात वापरायच्या वस्तूसाठी हा गुण फार मोलाचा आहे. दस्त्याला पडलेला खोलगट पोचा घासून काढण्याची गरज नसते. त्यावर ओले फडके ठेवून गरम इस्त्री क्षणभर टेकवली की वाफ शिरून दबलेल्या पेशी फुगतात आणि पोचा बराचसा भरून येतो. तंतू तुटले असतील तेथे मात्र हा उपाय चालत नाही. हे सारे काम दस्ता धातूच्या भागांपासून सुटा केल्यावर, आणि त्याआधी बंदूक रिकामी असल्याची खात्री केल्यावरच करावयाचे असते.

सागाच्या जुन्या खुर्चीवर किंवा पेटीवर नव्याने काम करताना आधी जुना थर ओळखावा लागतो. कोपऱ्यात स्पिरिटचा थेंब टाकल्यावर पृष्ठ मऊ होऊन चिकटले, तर ते चपडा लाखेचे पॉलिश होय. तसे न झाल्यास बहुधा मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन असते आणि ते घासून वा रसायनाने काढावे लागते. रेषेच्या दिशेने १२० आणि मग १८० नंबरच्या पॉलिश पेपरने घासल्यावर आतला साग फिकट, डागाळ, कधी हिरवट दिसतो, आणि येथेच पुष्कळांची घाई नडते. उजेडात काही दिवस ठेवल्यास त्याचे रंगद्रव्य बदलून सोनेरी तपकिरी छटा आपोआप जुळून येते. त्याआधी दिलेला रंग पुढे गडद होतो. रंगातही भेद आहे: गेरू किंवा अंबरसारखी माती लाकडाच्या छिद्रांत बसून रेषा ठळक करते, तर विरघळणारा रंग तंतूंत शिरतो आणि उन्हात लवकर उडतो. ओल्या लाकडाला लोखंडाचा खिळा लागला तर काळा डाग पडतो, कारण लाकडातील टॅनिन आणि लोह यांचे संयुग काळे असते. हिरड्याच्या काढ्यात लोह मिसळून शाई करण्यामागेही हेच तत्त्व आहे.

सागावरच्या तेलाच्या चिकटपणावरचा उपायही गडचिरोलीच्या वनपट्ट्यातून मिळतो. पळस, कुसुम आणि बोर यांच्या फांद्यांवर जगणारा लाखेचा कीटक जी राळ स्रवतो, तिची चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवून पातळ हात दिल्यास सागाची द्रव्ये खाली कोंडली जातात आणि वर चढवलेले तेल किंवा वार्निश वेळेवर सुकते. लाख कोणत्याही साखळीवर अवलंबून नसते. स्पिरिट उडाले की ती कठीण होते, म्हणून सागाच्या रसायनाचा तिला अडथळा होत नाही. आधी लाकडावर स्पिरिटचा बोळा फिरवून पृष्ठावरचे तेल पुसावे आणि त्याच दिवशी लाखेचा हात द्यावा, कारण आतली द्रव्ये हळूहळू पुन्हा वर येतात. वर पॉलियुरेथेन चढवायचे असल्यास मेणविरहित लाख घ्यावी, मेणावर त्याची पकड ढिली पडते.

तेल सुकताना उष्णता निर्माण होते, आणि चुरगळून टाकलेल्या तेलकट चिंध्यांत ती कोंडून आग लागण्याइतकी वाढू शकते. म्हणून काम झाल्यावर त्या एकेक पसरून वाळवाव्यात किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवाव्यात.