गुमास्त्याची पेटी कुठे ठेवावी?
रिमोट डेस्कटॉप सर्व्हरवरील प्रोफाइलच्या जागेविषयी

यवतमाळ जिल्ह्यात दुकान पुसदला, गोदाम दिग्रसला आणि हिशेब यवतमाळला, अशी मांडणी आपल्या कापड व्यापाऱ्यांना नवी नाही. अशा ठिकाणी एक सर्व्हर घेऊन सगळे गुमास्ते रिमोट डेस्कटॉपने त्याच्यावर काम करतात. मायक्रोसॉफ्टने ही सोय १९९८ साली विंडोज एनटी ४.० च्या टर्मिनल सर्व्हर आवृत्तीत दिली. २००९ पासून तिला रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस म्हणतात. सर्व्हर घेताना आपण किंमत विचारतो, पण गुमास्त्याचे काम सर्व्हरवर नेमके कुठे साठते, हे विचारत नाही.

प्रोफाइल म्हणजे काय?

जुन्या पेढीवर प्रत्येक मुनिमाची स्वतःची लाकडी पेटी असे. लेखणी, चिठ्ठ्या, कच्ची टिपणे सर्व त्यात. प्रोफाइल ही तशीच पेटी आहे. गुमास्त्याचा डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड केलेल्या जीएसटीच्या फाइली आणि प्रिंटरची मांडणी तिच्यात राहते. मात्र टॅलीची खाती ही वेगळी चीज आहे. ती ज्या फोल्डरमध्ये ठेवली असतील तिथेच राहतात. प्रोफाइल हलवले म्हणून खाती सुरक्षित झाली, असे समजू नये.

आपण काही ठरवले नाही तर सर्व पेट्या सी ड्राइव्हवरील 'यूजर्स' फोल्डरमध्ये जमा होतात. सुरतेहून आलेले साड्यांचे फोटो डेस्कटॉपवर साचत गेले, की सी ड्राइव्ह भरतो आणि सगळ्यांचेच काम अडते. ती डिस्क बिघडली तर सर्व पेट्या एकदम जातात. जीएसटी कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने दस्तऐवज जपावे लागतात. २०२३-२४ च्या विवरणाची तारीख ३१ डिसेंबर २०२४ होती, म्हणजे ते कागद ३१ डिसेंबर २०३० पर्यंत हवेत. तेवढ्या काळात एखादी डिस्क बिघडणे सहज शक्य आहे.

जागा कशी ठरवावी?

प्रथम दुसऱ्या संगणकावर किंवा निदान दुसऱ्या डिस्कवर एक सामाईक फोल्डर करावे. त्यात प्रत्येकाला फक्त स्वतःच्या पेटीचा अधिकार द्यावा, म्हणजे एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती लागणार नाही.

गुमास्ते चार-पाच असतील तर सर्व्हरवर प्रत्येकाच्या खात्याचे 'प्रॉपर्टीज' उघडावे. तिथे 'प्रोफाइल' आणि 'रिमोट डेस्कटॉप सर्व्हिसेस प्रोफाइल' असे दोन वेगळे भाग दिसतात. पहिला साध्या संगणकासाठी, दुसरा आपल्या कामाचा. दुसऱ्यातील 'प्रोफाइल पाथ' मध्ये \\भांडार\पेट्या\%यूजरनेम% या धर्तीचा पत्ता इंग्रजी अक्षरांत लिहावा. दोन्ही भागांत एकच पत्ता देऊ नये. दोन ठिकाणच्या मांडण्या एकमेकांत मिसळून गोंधळ होतो.

माणसे जास्त असतील तर ग्रुप पॉलिसीतून एकदाच पत्ता देता येतो. मात्र तिथे शेवटी यूजरनेम लिहू नये. सर्व्हर ते स्वतः जोडतो. दोन्हीकडे वेगळे पत्ते दिले असतील तर पॉलिसीचाच पत्ता चालतो. खात्यात केलेला बदल लागू होत नसेल, तर आधी पॉलिसी तपासावी.

नव्या विंडोजमध्ये फोल्डरच्या नावापुढे 'व्ही६' असे शेपूट लागते. ते पाहून नाव बदलू नये.

लक्षात ठेवण्याच्या गोष्टी

१. गुमास्ता काम सुरू करतो तेव्हा पेटी सर्व्हरवर येते, लॉगऑफ केल्यावर परत जागेवर जाते. म्हणून खिडकी नुसती बंद करू नये, रीतसर लॉगऑफ करावे. मध्येच वीज गेली तर पेटी अर्धवट राहू शकते. यूपीएस हवाच.

२. 'टेम्पररी प्रोफाइल' अशी सूचना आली तर ताबडतोब काम थांबवावे. त्यात ठेवलेली फाइल लॉगऑफ करताच नाहीशी होते.

३. डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स हे फोल्डर 'फोल्डर रिडायरेक्शन'ने वेगळ्या जागी वळवावे. पेटी हलकी राहते आणि सकाळी दुकान उघडल्यावर ताटकळावे लागत नाही.

४. गुमास्ता नोकरी सोडून गेला तर त्याची पेटी तपासल्याशिवाय खाते आणि फोल्डर पुसू नये.

५. नव्याने सर्व्हर बसवणाऱ्यांनी एफएसलॉजिक्सविषयी विचारावे. त्यात प्रत्येकाची पेटी एका डिस्क-फाइलमध्ये बंद राहते आणि मायक्रोसॉफ्ट आता याचीच शिफारस करते.

पेट्या आणि टॅलीची खाती या दोहोंची नक्कल रोज वेगळ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क दुकानाबाहेर ठेवावी. काम तंत्रज्ञाकडून करून घ्यावे, पण पेट्यांचा पत्ता मालकाने आपल्या वहीत लिहून ठेवावा. तिजोरीची किल्ली कुठे आहे हे आपण जाणतो, तसाच हा पत्ताही आपल्याला ठाऊक असला पाहिजे, असे आम्हास वाटते.