‘दम’ आणि ‘दमा’ : अ‍ॅस्बेस्टॉसिसची वाढ रोखण्याच्या कामी शब्दांचे स्थान

काही रोगांत झालेली हानी भरून काढता येत नाही. ती वाढू न देणे एवढेच वैद्यकाच्या हाती असते. अ‍ॅस्बेस्टॉसिस हा त्यांपैकी एक होय. अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू वर्षानुवर्षे श्वासावाटे आत गेल्याने फुफ्फुसांत जे व्रणासारखे घट्ट ऊतक तयार होते, ते विरघळवणारे औषध अद्याप उपलब्ध नाही. अर्थात रोग लवकर ओळखला जाणे हाच उपचारांचा पाया ठरतो. ही ओळख पटण्यास जो विलंब लागतो, त्याचा काही भाग भाषेतून उद्भवतो. केज परिसरातील नित्याच्या शब्दांच्या आधारे हे दाखवावे, आणि त्या ओघात रोगाची गती मंद ठेवण्याचे उपाय सांगावेत, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

प्रथम नावाविषयी. ‘असबेस्तोस’ या ग्रीक शब्दाचा अर्थ ‘न विझणारे’ असा आहे. ग्रीक लोक हा शब्द कळीच्या चुन्याला लावीत. तंतुमय खनिजाला त्यांच्याकडे ‘अमियांतोस’, म्हणजे निर्मळ, असे वेगळे नाव होते. पुढे नावांची अदलाबदल झाली आणि चुन्याचे नाव खनिजाला चिकटले. हिंदी कोशांत याच खनिजाला ‘शंखपलीता’ असा शब्द मिळतो; पलीता म्हणजे वात. मराठी बोलीत मात्र असे घरगुती नाव रूढ नाही, आणि पुढील विवेचनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे.

रोगाच्या नावाचा इतिहासही बोधप्रद आहे. इंग्लंडमधील रॉचडेल येथे अ‍ॅस्बेस्टॉसच्या कारखान्यात काम करणारी नेली कर्शॉ १९२४ साली फुफ्फुसांच्या विकाराने मरण पावली. तिच्या हयातीत भरपाईची मागणी झाली, तेव्हा असा रोग कायद्याच्या यादीत नाही, या कारणास्तव ती नाकारण्यात आली. तिच्या फुफ्फुसांची तपासणी करणाऱ्या डॉ. कुक यांनी १९२७ साली या विकाराला ‘अ‍ॅस्बेस्टॉसिस’ हे नाव दिले. १९३० साली मेरीवेदर व प्राइस यांचा अहवाल निघाला आणि १९३१ साली तेथे धुळीच्या नियंत्रणाचे नियम झाले. रोग नावाआधीही होताच. परंतु नाव मिळाल्यावर तो मोजता आला, आणि मोजता आल्यावर त्यावर नियम करता आले.

आता रोगाच्या स्वरूपाकडे वळू. हे तंतू इतके सूक्ष्म असतात की ते फुफ्फुसांच्या तळाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. शरीरातील भक्षक पेशी त्यांना गिळू पाहतात, पण लांब तंतू त्यांना पुरते गिळता येत नाहीत. या अपुऱ्या झटापटीत दाहकारक द्रव्ये बाहेर पडत राहतात आणि वायुकोशांच्या भिंती हळूहळू जाड व ताठर होतात. ताठर फुफ्फुस पुरते फुगत नाही आणि प्राणवायू रक्तात उतरण्यास अडथळा होतो. ही क्रिया अत्यंत संथ असते. धुळीशी पहिला संबंध आल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत बहुधा वीस ते तीस वर्षे लोटतात, आणि काम सुटल्यावरही रोग वाढत राहू शकतो. म्हणूनच रोगी वैद्यासमोर येतो तेव्हा त्याचे ते काम त्याच्या स्वतःच्याही स्मरणातून मागे पडलेले असते.

बीड जिल्ह्यातील केज हा भाग ऊसतोडीसाठी व इतर मजुरीसाठी दूरदूर जाणाऱ्या लोकांचा आहे. मुंबई-पुण्याकडील कारखान्यांत व बांधकामांवर उमेदीची वर्षे घालवून उतारवयात गावी परतलेली माणसे मराठवाड्याच्या खेड्यांत आढळतात. गावांतही घरांचे रूप पालटले असून मातीच्या माळवदांची जागा पुष्कळ ठिकाणी पत्र्यांनी घेतली आहे. ‘पत्रा’ हा शब्द मुळात संस्कृत ‘पत्र’, म्हणजे पान, यावरून आला व धातूच्या पातळ तक्त्याला लागला. नंतर नागमोडी, करडे छप्पर आले, तेव्हा लोकांनी त्याला ‘सिमेंटचा पत्रा’ म्हटले. या पत्र्यांत सिमेंट प्रमुख असते हे खरे. परंतु त्याला बळकटी देणारे अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू, जे वजनाने सुमारे दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतात, त्यांचा या नावात मागमूस नाही. पाणीपुरवठ्याच्या जुन्या ‘सिमेंटच्या नळां’चीही हीच गत आहे.

परिणाम असा की, ‘अ‍ॅस्बेस्टॉसचे काम केले होते काय?’ या प्रश्नाला मनुष्य प्रामाणिकपणे ‘नाही’ असे उत्तर देतो. ‘पत्रे कापले काय? नळ करवतीने कापले काय? मोटारींच्या ब्रेकच्या कारखान्यात होता काय? बॉयलरवरचे जुने वेष्टन काढले काय?’ असे विचारल्यास तोच मनुष्य ‘हो’ म्हणतो. येथे एक खुलासा अवश्य केला पाहिजे. अभंग पत्र्याखाली नुसते राहिल्याने अ‍ॅस्बेस्टॉसिस होत नाही. तो दीर्घकाळ व पुष्कळ प्रमाणात धूळ घेतल्याने होतो. म्हणून धोका प्रामुख्याने पत्रा कापणाऱ्याला, फोडणाऱ्याला आणि तो बनवणाऱ्याला आहे.

दुसरी अडचण लक्षणांच्या शब्दांत आहे. रोगी सांगतो, ‘चढ चढताना दम लागतो.’ फारसीत ‘दम’ म्हणजे श्वास. त्याच कुळातील ‘दमा’ हा शब्द एका विशिष्ट रोगाचे नाव झाला. मराठीत या दोन शब्दांत एका स्वराचे अंतर आहे, आणि तेवढे अंतर ओलांडून ‘दम लागतो’ ही तक्रार सहज ‘दमा’ हे निदान बनते. वास्तविक दोन्ही विकार भिन्न आहेत. दम्यात श्वासनलिका आकुंचन पावतात, त्रास कमीजास्त होतो, श्वास सोडताना शीळ वाजते, आणि श्वासावाटे घ्यावयाच्या औषधाने आराम पडतो. अ‍ॅस्बेस्टॉसिसमध्ये धाप स्थिरपणे वाढत जाते, खोकला कोरडा असतो, श्वास घेण्याच्या शेवटी पाठीच्या खालच्या भागात बारीक चरचर ऐकू येते, आणि दम्याच्या औषधाने विशेष फरक पडत नाही. क्ष-किरण चित्रातील डाग पाहून ‘क्षय’ म्हणण्याची प्रवृत्तीही अशीच आहे.

ही भीती काल्पनिक नाही. मुंबईत घाटकोपर येथील हिंदुस्तान कंपोझिट्स या कारखान्यातील कामगारांची पाहणी डॉ. मुरलीधर व विजय कान्हेरे यांनी केली आणि ती २००५ साली प्रसिद्ध झाली. तपासलेल्या १८१ कामगारांपैकी पाचांत एकाहून अधिक जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. अशा रोग्यांना जुनाट श्वासनलिकादाह किंवा क्षय अशी नावे दिली जातात आणि त्यामुळे भरपाई मिळालेल्यांची संख्या नगण्य राहते, असे पाहणीकारांनी नमूद केले आहे.

निदान झाल्यावर काय करावे? पहिला उपाय धुळीचा संपर्क पूर्णपणे थांबवणे हा होय. नाकावर रुमाल बांधल्याने हे तंतू अडत नाहीत. दुसरा, विडी-सिगारेट सोडणे. १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या हॅमंड, सेलिकॉफ व सायडमन यांच्या अभ्यासात फुफ्फुसांच्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण केवळ अ‍ॅस्बेस्टॉसने सुमारे पाचपट, केवळ धूम्रपानाने सुमारे दहापट, आणि दोन्ही एकत्र आल्यास पन्नासपटींहून अधिक आढळले. म्हणून धूम्रपान सोडण्याचा लाभ या रोग्यांना इतरांहून अधिक आहे. तिसरा, इन्फ्ल्यूएन्झाची वार्षिक लस व न्यूमोकोकसची लस घेणे, आणि छातीचा संसर्ग झाल्यास विनाविलंब उपचार करणे; कारण ताठर फुफ्फुसांना अशा आजाराचा धक्का सोसवत नाही. चौथा, देखरेखीखाली नियमित चालणे व श्वासाचे व्यायाम. याने व्रण जात नाहीत, पण उरलेल्या शक्तीत अधिक काम होते. पाचवा, रक्तातील प्राणवायूचे प्रमाण विसाव्यातही ८८ टक्के किंवा त्याहून खाली गेल्यास घरी प्राणवायू देणे. यांच्या जोडीला ठराविक काळाने श्वासक्षमतेचे मापन झाले पाहिजे. अन्यथा रोग स्थिर आहे की वाढतो आहे हे समजणार नाही.

औषधांविषयी अतिरेकी आशा बाळगू नये. स्टेरॉइडांचा या रोगात लाभ सिद्ध झालेला नाही. वाढत्या फुफ्फुसतंतुमयतेच्या विविध रोग्यांत निन्टेडॅनिब या औषधाने श्वासक्षमतेचा ऱ्हास मंदावतो, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात दिसले. पण त्यात धूळजन्य विकाराचे रोगी थोडे होते. पिरफेनिडोनच्या जर्मनीतील परीक्षणात अ‍ॅस्बेस्टॉसजन्य रोग्यांचाही समावेश होता. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले, परंतु ते परीक्षण मुदतीपूर्वीच थांबले होते. ही औषधे रोग मंद करू शकतील, उलटवू शकणार नाहीत. त्यांचा निर्णय छातीच्या विकारांच्या तज्ज्ञानेच घ्यावा. केजच्या रोग्यास त्यासाठी पहिला मार्ग अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचा आहे.

कायद्यानेही स्मृतीचा प्रश्न ओळखला आहे. सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ रोजी दिलेल्या निर्णयानुसार कामगाराच्या प्रकृतीची नोंद नोकरीच्या आरंभापासून चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोपर्यंत, जतन करावयाची आहे. परंतु अशी नोंद कारखान्यात राहते; पत्रे बसवणाऱ्या रोजंदार मजुराची ती कोठेच नसते. त्याची एकमेव नोंद म्हणजे त्याचे बोलणे.

येथे भाषेच्या अभ्यासकाचे काम सुरू होते. प्रत्येक तालुक्यात या पदार्थांना, कामांना व लक्षणांना कोणते शब्द आहेत, याची लहानशी प्रश्नावली विभागातील विद्यार्थी क्षेत्रकार्यातून तयार करू शकतील आणि ती दवाखान्यांतील डॉक्टरांच्या हाती देऊ शकतील. ‘तुम्ही कोणते काम करता?’ याऐवजी ‘आजवर कोणकोणती कामे केलीत, आणि त्यांत धूळ कशाची होती?’ हा तिचा पहिला प्रश्न असावा. या प्रश्नाचे उत्तर दहा वर्षे आधी मिळाले, तर तेवढी वर्षे माणसाला धुळीपासून व तंबाखूच्या धुरापासून दूर ठेवता येईल. आणि अ‍ॅस्बेस्टॉसिसच्या बाबतीत सर्वांत खात्रीचा उपाय आजही हाच आहे.